अंगठ्याखालचा कागद

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, कागदाला भोकं पाडते. लोकांना वाटतं मी त्यांची टर उडवायली. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी तर विचारलं, "म्हंजी झेरॉक्सच्या दुकानात हायंस का?" आता त्या बाईंना काय समजावायचं? तोंडात जिलबी होती, मी मान हलवून मोकळी झाले.

लातूरच्या एमआयडीसीत जळालेल्या डीप्या दुरुस्त करायचं एक शेड आहे, तिथं मी टेस्टिंगला आहे. डीपी म्हणजे गावाबाहेर दोन खांबांच्या मध्ये बसवलेला, तेलाने भरलेला तो ट्रान्सफॉर्मर, जो जळाला की सगळं शिवार बोंबलत सुटतं. त्याच्या पोटात तारेच्या कॉइली असतात. तारेचा एक थर, त्यावर कागद, परत तारेचा थर, परत कागद. भुरा, चिवट कागद. दिसायला किराणा दुकानातल्या पुड्याच्या कागदासारखा, पण सगळा भार त्याच्यावर. थरातली वीज शेजारच्या थरात जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. ते जमलं नाही की डीपी जळते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडून आमच्या दारात येते.

कागदाचा नवा रोल आला की आधी माझ्या टेबलावर. मी त्याचे हातरुमालाएवढे तुकडे कापते, भट्टीत वाळवते, आणि पितळेच्या दोन गोल ठोकळ्यांच्या मध्ये एकेक तुकडा ठेवून वीज वाढवत नेते. काटा चढत राहतो. कागद गप्प असतो. मग एकदम 'टच्' असा आवाज येतो आणि तुकड्याला टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक पडतं. काटा किती वर गेल्यावर भोक पडलं ते बघायचं. लवकर पडलं तर रोल परत. कोरडा कागद लई सोसतो. पण त्याला ओल लागली, घामाचा हात लागला, की तोच कागद पार नादार होतो. म्हणून पावसाळ्यात मी सगळ्यांच्या मागे लागलेली असते. दार लावा, रोल झाका, हात पुसा. "मास्तरीण आली, मास्तरीण आली," असं पाठीमागून ऐकू येतं. म्हणू देत. मला काय फरक पडत नाही.

कॉइली भट्टीत वाळून, टाकीत बसून, वरून तेल भरलं की मग मोठी टेस्ट. गावात जेवढी वीज सोसावी लागणार त्याच्या दुप्पट इथं सोडायची. थोडा वेळ नुसता हुंकार ऐकू येतो. सगळं नीट असलं तर तो हुंकार तसाच राहतो, मी बटण खाली आणते आणि 'पास' म्हणते. कुठं एका जागी कागद कमी पडला असला, तर टाकीच्या आतून 'ठप्प' असा दबका आवाज येतो. कुणीतरी पाठीत बुक्की मारावी तसा. काटा खाली येतो. मग ती टाकी उघडा, तेल काढा, कॉइल बाहेर घ्या आणि थर थर सोलत भोक कुठं पडलं ते शोधा. केलेलं सगळं पाण्यात.

या कॉइली गुंडाळणाऱ्यांत सगळ्यात जुने माझे वडील. आमचे आप्पा.

आम्ही दोघं औशाच्या अलीकडच्या आमच्या गावाहून एकाच गाडीवर यायचो, जायचो. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, तो विषय इथं नको. परत आले तेव्हा आप्पांनी एक शब्द विचारला नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होताच, तो घेऊन ते मालकासमोर उभे राहिले. म्हणाले, "माझ्या लेकीला टेस्टिंगला घ्या. माझ्या कॉइलीपासून सुरू करू द्या." मालक हसले. ते स्वतः एकेकाळी खांबावर चढणारे वायरमन, त्यांना आप्पांची कॉइल म्हणजे काय ते ठाऊक होतं.

तेव्हापासून बापाच्या कामाला मी पास-नापास करायची. आप्पांना त्याचं केवढं कौतुक! त्यांची डीपी टेस्टला लागली की ते मुद्दाम माझ्या टेबलाशेजारच्या माठाजवळ येऊन उभे राहायचे. हातात पेला, पाणी पीत नाहीत काही नाही.

"काय झालं गं माय?"

"पास."

"मग? व्हनारच की."

एवढं म्हणून पेल्यातलं पाणी दाराबाहेरच्या कडुनिंबाला घालायचे आणि परत मशीनवर जायचे. दर वेळी हेच. मला कधीकधी वैताग यायचा, माझ्या हातातलं काम सोडून मी त्यांना उत्तर देत बसायची. आज तो वैताग आठवला की स्वतःचाच राग येतो.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. मशीन फिरतंय, डाव्या हातातून तार जातेय, आणि उजव्या हाताचा अंगठा कागदावर. तारेकडं डोळे फारसे नसायचेच. शेजारच्याशी गावच्या निवडणुकीच्या गप्पा चालू, देवणीच्या बाजारात कुणाची बैलजोडी कितीला गेली ते चालू, आणि अंगठा मात्र कागदावरून फिरत असायचा. कुठं सुरकुती पडली, कुठं काठ दुमडला, कुठं जोड कमी बसला, ते त्यांना अंगठ्याला कळायचं. मशीन थांबायचं, बोट आत जायचं, कागद सरळ व्हायचा, मशीन परत सुरू. ते कुणाला शिकवता यायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय सांगायचं? लागतंय की हाताला."

मागच्या साली रब्बीची धांदल सुरू झाली आणि त्यांची एक डीपी टेस्टला ठप्प झाली. शेडात कुणी मनावर घेतलं नाही. होतं एखाद्या वेळी. आप्पाच हसून म्हणाले, "नजर लागली गं." मग दुसरी गेली. मग मध्ये दोन बऱ्या निघाल्या आणि लागोपाठ परत दोन गेल्या. आता आप्पा माठाजवळ येईनासे झाले. मशीनवर बसूनच लांबून माझ्या तोंडाकडं बघायचे.

मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "ताई, तुम्हीच बघा. गावचे लोक ट्रॉली घेऊन दारात बसायलेत, मी त्यांना किती दिवस थांबवू? आप्पांना मी काढायलो नाही. पण अजून एकदोन बघू, नाहीतर त्यांना सोलायला बसवू."

सोलायला. म्हणजे शेडाच्या मागच्या पत्र्याखाली जळक्या कॉइली फोडून तार वेगळी आणि कागद वेगळा करायचा. नवीन आलेला माणूस तिथं बसतो. ज्याला दुसरं काही येत नाही तो तिथं बसतो. आप्पांनी आयुष्यभर कॉइली गुंडाळल्या. औशापासून किल्लारीपर्यंत कुठल्याही रस्त्याने जाताना डीपी दिसली की गाडी हळू करून म्हणायचे, "ही आपली हाय." असा माणूस पत्र्याखाली बसून दुसऱ्याची जळकी कॉइल फोडणार? मला चहा गेला नाही. मी एवढंच म्हणाले, "मालक, मला आधी शोधू द्या काय चुकायलंय ते."

त्या दिवशी नापास झालेली कॉइल मी स्वतः सोलायला घेतली. तेलकट थर एकेक उलगडत गेले. आतल्या एका थरावर भोक सापडलं, काळं, कडेनं करपलेलं. आणि त्या भोकाच्या शेजारी एक पांढरट डाग. अंगठ्याच्या आकाराचा. मी बोटानं घासून बघितलं, वास घेतला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुना!

आप्पा तंबाखू खायचे. आमच्याकडं कोण खात नाही? तळहातावर तंबाखू, डबीतून अंगठ्याच्या नखावर चुना, मळायचं, थापट्या मारायच्या, चिमूट ओठात, आणि हात पँटीला पुसून परत कामाला. पुसला असं आपण म्हणायचं. अंगठ्याच्या रेघांत चुना राहतोच, थुंकीची ओलही राहते. आणि तो अंगठा थेट कागदावर! एवढी वर्षं मी सगळ्यांच्या घामाच्या हातांवर ओरडत होते आणि माझ्या घरचा चुना मला दिसला नव्हता.

मला इतका आनंद झाला म्हणता! तशीच धावत आप्पांकडं गेले. म्हटलं, "चला माझ्या टेबलावर."

"काय झालं?"

"चला तर."

नव्या रोलचे दोन तुकडे कापले. एक तसाच ठेवला. दुसरा त्यांच्या पुढं धरला आणि म्हटलं, "तंबाखू मळा." ते माझ्याकडं बघायलेच. शेवटी मळली. म्हटलं, "आता कॉइलीवर दाबता तसा अंगठा यावर दाबा." दाबला. पांढरा ठसा उठला. कोरा तुकडा मी ठोकळ्यांत ठेवला, काटा चढत चढत चांगला वर गेला आणि मग टच्. ठशाचा तुकडा ठेवला. काटा निम्म्यावरही गेला नसेल, टच्. भोक बरोबर ठशात.

आप्पांनी तो तुकडा उचलून उजेडाकडं धरला. भोकातून पलीकडचं दिसत होतं. "आयला," ते म्हणाले. मग खिशातली डबी काढली, पुडी काढली, आणि दोन्ही माझ्या टेबलावर ठेवली. "हे घे. आजपासून बंद."

"बंद कशाला? हात धुऊन काम करा म्हणजे झालं."

"न्हाई माय. बंद म्हंजी बंद."

त्या महिन्यात आमच्या घरात तंबाखू सुटलेल्या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय ते आम्ही भोगलं. सकाळी पोट साफ होत नाही म्हणून चिडचिड, आमटीत मीठ कमी म्हणून चिडचिड, म्हैस ओरडली म्हणून चिडचिड. आई म्हणायची, "अगं, दे त्यांना एक चिमूट, नाहीतर मलाच जाळतील." पण हसायचीही. कारण आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, रोग सापडलाय. खोड होती, ती सुटली, आता बास. आप्पा लवंग चघळत बसायचे, तोंड वाकडं करून, एखाद्या पोरानं कडू औषध घ्यावं तसं. दिवसातून दहा वेळा साबणानं हात धुवायचे आणि मला येऊन दाखवायचे. "बघ. हाय का चुना?" मी बघायची आणि म्हणायची, "न्हाई."

पुढची कॉइल त्यांनी असल्या धुतलेल्या हातांनी गुंडाळली. टेस्टच्या दिवशी ते माठाजवळ येऊन उभे राहिले, खूप दिवसांनी. मी बटण वर नेलं. हुंकार सुरू झाला. मी टाकीकडं बघायची सोडून त्यांच्याकडं बघत होते. हुंकार तसाच राहिला.

"पास!" मी जवळपास ओरडलेच.

आप्पा 'व्हनारच की' सुद्धा म्हणाले नाहीत. डोळे पुसले आणि पेला तिथंच ठेवून मशीनवर गेले. संध्याकाळी आईनं धपाटे केले, दही लावलं, आणि आप्पांनी तीन वेळा मागून घेतले. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा.

कुठलं काय. त्याच्या पुढची डीपी ठप्प झाली. आणि तिच्या पुढचीही.

आता मात्र मला राग आला. भीती वाटली की मला आधी रागच येतो, हा माझा स्वभाव. मी दोन्ही कॉइली सोलल्या. चुन्याचा ठिपका नाही. डाग नाही. पहिलीत कागदाचा काठ दुमडून आत गेला होता, बोटभर जागा उघडी. दुसरीत जोडच बसला नव्हता. कागदाचं एक टोक इकडं, दुसरं तिकडं, आणि मधून तार तारेला टेकलेली. नवशिक्या माणसानं करावी तशी चूक. आप्पांच्या कॉइलीत!

मी ती कॉइल तशीच उचलून त्यांच्या मशीनपुढं नेऊन ठेवली. "हे बघा."

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "कागदच खराब यायलाय आताशा. पातळ हाय. सरकतोय."

"कागद चांगलाय आप्पा. मी तपासलाय."

"तू तपासलीस म्हंजी काय देवानं तपासला का?"

सगळं शेड ऐकत होतं. मी त्यांच्याच मशीनवरचा रोल काढला, टेबलावर आणला, आणि त्यांच्यासमोर तुकडे कापून एकामागून एक ठोकळ्यांत घातले. प्रत्येक वेळी काटा वरपर्यंत. टच्. परत तुकडा. परत वरपर्यंत. आता बास करावं असं मला वाटत होतं, आणि हात मात्र थांबत नव्हता. प्रत्येक चांगल्या तुकड्याबरोबर आप्पांचा चेहरा उतरत होता. माझ्या मनात आलं, देवा, एखादा तरी खराब निघू दे. खरंच आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खराब कागदासाठी देवाला हात जोडले.

एकही निघाला नाही.

आप्पा उठले, मशीनवर गेले आणि मालकांनी थांबवलेलं नसल्यामुळे नवी कॉइल चालू केली. मी टेबल आवरून त्यांच्याकडं गेले, भांडण मिटवावं म्हणून. त्यांच्या शेजारी उभी राहिले तर कागदावर लाल ओळ दिसली. एक नाही, बऱ्याच. तारेनं त्यांचा अंगठा चिरला होता, चांगला खोल, आणि रक्त कागदावर लागत होतं, थरामागून थर, तार त्यावरून जात होती आणि आप्पा गुंडाळत होते.

"आप्पा, रक्त!"

"कुठं?"

मशीन थांबवून त्यांनी हात उलटा-सुलटा करून बघितला. अंगठा डोळ्यांना दिसल्यावर मग म्हणाले, "आरं तिच्या. कधी लागलं काय की."

मी फडकं बांधलं. बांधताना मुद्दाम जरा दाबून बांधलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग मला एकेक आठवायला लागलं, चहाचा गरम पेला ते कसा मुठीत धरून बसतात. मागं एकदा शेतातून एकाच पायात चप्पल घालून आले होते, आम्ही पोट धरून हसलो होतो. दुसरी कधी निसटली ते त्यांना कळलं नव्हतं. शुगर होतीच. गोळ्या दिल्या होत्या, त्या खिडकीत पडून होत्या, आणि आप्पा जांभळाच्या बियांची पूड खात होते, कारण गावातल्या कुणाची तरी शुगर त्यानं म्हणे गायब झाली होती. आणि आम्ही इकडं चुना शोधत होतो.

लातुरात गल्लोगल्ली दवाखाने आहेत. पण आप्पा हटून बसले. "लातुरात न्हाई. मालकाच्या कानावर जाईल. सगळं शेड म्हनंल, आप्पाचा हात गेला." शेवटी नांदेडला न्यायचं ठरलं. शेडात सांगितलं, मावशीकडं वास्तुशांत आहे.

बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. अहमदपूर सोडलं तसे जरा खुलले. वाटेतल्या डीप्या बघत होते, पण 'आपली हाय' असं एकदाही म्हणाले नाहीत. लोह्याच्या पुढं गेल्यावर एकदम म्हणाले, "नसंवर मालिश केलं तर उतरतंय म्हनं." मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील ना." ते म्हणाले, "इंजेक्शन असंल एखादं. हाताचं काय, रगत मोकळं झालं की बस." मग बांधलेला अंगठा मांडीवर ठेवून ते डुलकी घेऊ लागले. मीही आशा धरून होते, खोटं कशाला सांगू. नांदेडचे डॉक्टर मोठे, लांबून लोक येतात, काहीतरी निघेल. माणूस मनाला कुठवर आवरणार?

डॉक्टर शांत होते, वयानं माझ्याएवढेच असतील. सगळं ऐकून घेतलं, आधीचे रिपोर्ट बघितले. मग आप्पांना स्टुलावर बसवलं, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून घेतले. म्हणाले, "बाबा, डोळे मिटा. मी बोटांना कापूस लावतो. मी विचारलं की लागतंय का, ते सांगायचं."

आप्पांनी डोळे घट्ट मिटले. पाठ ताठ करून बसले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

डॉक्टरांनी डाव्या, मोकळ्या अंगठ्याच्या पेरावरून कापूस फिरवला. "लागतंय?"

"लागतंय."

माझा जीव भांड्यात पडला. दुसरं बोट. "लागतंय?" "लागतंय." तिसरं. "लागतंय की." आप्पांचा आवाज आता चांगला खणखणीत झाला होता. मी खुर्चीत जरा सैल बसले. मनात मालकांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही सुरू झाली.

मग डॉक्टरांनी कापूस उचलला, हात मागं घेतला, आणि काहीच न लावता विचारलं, "लागतंय?"

"लागतंय."

डॉक्टरांनी परत काही न लावता विचारलं, "आणि आता?"

"आता बी लागतंय. चांगलं लागतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांब आणलं, आणि इथं येऊनही हा माणूस डॉक्टरला फसवायला बसलाय! मी म्हणाले, "आप्पा! त्यांनी हातच लावला नाही. खोटं कशाला बोलायलाव?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"खोटं न्हाई बोलायलो गं माय," ते म्हणाले. "त्यांनी इचारलं म्हंजी लावलाच असंल, असं धरलो मी. कागदाचं बी तसंच करायलोय आता. बसला असंल म्हनतो, आन् म्होरं गुंडाळतो."

डॉक्टरांनी कापूस ट्रेमध्ये ठेवला.  आप्पांचे दोन्ही हात टेबलावर तसेच होते, उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं.

आप्पांनी विचारलं, "उगडू का डोळे?"

मला 'हो' म्हणवेना.